मिठाच्या वाटेवरची माणसे

इंझोरीहून मानोऱ्याकडे किंवा दिग्रसच्या अंगाला कोठेही निघा, गावापाठोपाठ एखादा तांडा लागतोच. आमच्या मानोरा तालुक्यात तांडा हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाजारच्या दिवशी काचांचे तुकडे लावलेला फेटिया नेसलेली एखादी म्हातारी आजही दिसते. तिच्या हातात कोपरापासून वर चढत गेलेले बलिये असतात, कानाजवळ केसांत अडकवलेल्या चांदीच्या घुगऱ्या असतात. पोरे तिच्याकडे वळून वळून बघतात. आपण मोठी माणसे मात्र बघतही नाही, कारण रोजचेच आहे. आणि रोजच्या माणसाची हकिकत विचारायची राहून जाते, तशी ती पिढ्यान्‌पिढ्या राहून गेली आहे.

वाचकहो, या वेळी त्या हकिकतीकडे वळू. परंतु सुरुवात करू या थेट हिमालयापासून.

उत्तराखंडात तिबेटच्या सीमेला लागून जोहार, दारमा, ब्यांस, नीती, माणा अशी उंच खोरी आहेत. तेथे राहणाऱ्या लोकांना भोटिया म्हणतात. जोहारचे लोक स्वतःला शौका म्हणवतात, दारमा-ब्यांसचे लोक रं म्हणवतात. संख्येने हे लोक थोडे. बर्फामुळे तेथे वर्षाचे सहा महिने राहता येत नाही, शेती होते ती नावापुरती. मग हे लोक जगले कशावर? मिठावर. उन्हाळ्यात ते शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून सतरा सतरा हजार फूट उंचीच्या खिंडी ओलांडत, तिबेटच्या मंडीत धान्य देत आणि तेथून मीठ, टाकणखार, लोकर घेऊन उतरत. एका मेंढीच्या पाठीवर दोन बाजूंना दोन लहान पिशव्या, वजन दहा-बारा किलो. अशा शेकडो मेंढ्यांची रांग. पलीकडच्या तिबेटी व्यापाऱ्याशी त्यांचे पिढीजात मैत्र असे. करार कागदावर नव्हे. एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे करायचे आणि एकेकाने एकेक जपून ठेवायचा. पुढल्या पिढीत ते तुकडे एकमेकांना जुळले की माणूस खरा ठरला!

याच जोहार खोऱ्यातील मिलम गावचा पंडित नैनसिंह रावत. इंग्रजांच्या मोजणी खात्यासाठी तो यात्रेकरूच्या वेषात तिबेटात शिरला आणि १८६६ साली ल्हासाला पोचला. हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून तो पावले मोजत गेला. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. त्या मोजणीवर तिबेटचा नकाशा तयार झाला आणि १८७७ साली लंडनच्या भूगोल संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. मिठाच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला चालण्याचे हे गणित शिकवावे लागले नसेल.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि खिंडी बंद झाल्या. एका मोसमात धंदा गेला. शेकडो घरांचे मिलम ओस पडले. आज उन्हाळ्यात थोडी कुटुंबे वर जातात, बाकी भिंती उभ्या आहेत. १९९२ साली लिपुलेखच्या खिंडीतून थोडासा व्यापार पुन्हा सुरू झाला होता, तोही २०२० साली थांबला.

आता तुम्ही म्हणाल, हिमालयातल्या मेंढरांचे आणि आमच्या तांड्याचे काय नाते? नाते मिठाचे आहे. लमाण हा शब्दच लवण म्हणजे मीठ यावरून आला, असे बहुतेक जाणकार सांगतात. आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही. कोकणपट्टीचे मीठ घाट चढून येथवर आले ते बैलांच्या पाठीवर, आणि ते बैल होते या लोकांचे. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी ज्वारीच्या भाकरीबरोबर जे मीठ-मिरची खाल्ली, त्यातले मीठ तांड्याने आणलेले असण्याचीच शक्यता अधिक.

नावांचा घोळ आधी सोडवू. बंजारा, लमाण, लभाण, लंबाडी, लंबाणी, सुगाळी ही सारी एकाच समाजाची नावे, प्रांतागणिक वेगळी. ते स्वतःला मात्र 'गोर' म्हणतात आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांना 'कोर'. त्यांची बोली ती गोरमाटी किंवा गोरबोली. आपल्याकडचे वंजारी हा समाज निराळा. नावाचे मूळ वाणिज्यात असल्यामुळे दोन्ही नावे सारखी भासतात, इतकेच. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे ही तांड्यातील आडनावे आपण शाळेच्या हजेरीपटापासून ऐकत आलो आहोत. त्यांची बोली राजस्थानीच्या कुळातली आहे. पूर्वज राजस्थानाकडून निघाले, असे त्यांची गाणीही सांगतात. दक्षिणेत ते उतरले ते फौजांबरोबर आणि धान्याबरोबर.

हा धान्याचा व्यवहार नीट समजून घेण्यासारखा आहे. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात प्रवास करीत होता. एके दिवशी सकाळी त्याला वाटेत एक तांडा भेटला. बैल होते १४,०००! सगळ्यांच्या पाठीवर गहू, तांदूळ अशी धान्ये. मंडीने लिहून ठेवले आहे की हे लोक बायकामुले बरोबर घेऊन चालतात, एका तांड्यात सहा-सातशे माणसे असतात, बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असतात. कधी ते व्यापाऱ्यांचा माल भाड्याने वाहतात, परंतु बहुतेक वेळा व्यापारी तेच. जेथे धान्य स्वस्त तेथे घ्यायचे, जेथे महाग तेथे नेऊन विकायचे, आणि परतताना तिकडचा काही माल भरून आणायचा.

एका बैलावर क्विंटलभर ओझे धरले तरी १४,००० बैलांवर १४,००० क्विंटल धान्य झाले. आजच्या शंभर क्विंटलच्या ट्रका धरल्या तर १४० ट्रका! चालायचे किती? मंडी म्हणतो, दिवसाला सहा-सात मैल, तेही थंड वेळी. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. इतक्या संथ चालीला व्यापार कसा परवडत होता? उत्तर शेतकऱ्याला लगेच कळेल. बैलाचा चारा फुकट होता. मुक्कामाला पोचले की गोण्या उतरवायच्या आणि बैल मोकळे सोडायचे. माळ अफाट होता, अडवणारा कोणी नव्हता. बैल चरत चरत पुढे सरकत, आणि जेथे बैल चरतो तेथे भाड्याचा खर्च जवळपास शून्य. वाहतूक सावकाश होई, पण स्वस्त होई. घाईचा माल त्यांनी कधी वाहिलाच नाही. धान्य, मीठ, पुढे कापूस, हा सगळा थांबणारा माल.

या व्यवहाराला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. लदेणीच्या तांड्याची शिस्त कडक होती. सर्वांचा प्रमुख नायक, त्याच्या हाताखाली कारभारी. भांडण-तंटा तांड्याच्या बैठकीत, म्हणजे नसाबात, मिटायचा. कोर्टाची पायरी चढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तांडा आज एका राज्यात तर महिन्याने दुसऱ्या. रात्री मुक्कामाला गोण्यांचीच भिंत रचायची, मध्ये माणसे, कडेने जाळ आणि राखणीला कुत्री. या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट देशभर ठिकठिकाणी सांगतात. एका नायकाने अडचणीपायी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली, तर कुत्र्याने चोरांनी पुरलेला माल दाखवून दिला. सावकाराने खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे सोडले. कुत्रा धन्याकडे धावत आला. नायकाला वाटले, याने माझा शब्द मोडला, पळून आला. रागाच्या भरात त्याने कुत्र्याला मारले आणि मग चिठ्ठी दिसली. गोष्ट खरी-खोटी कोण सांगणार? परंतु ज्यांच्या धंद्याचे सारे भांडवल शब्द हेच होते, त्यांच्यातच ती जन्मावी हे बरोबर आहे.

कुत्र्याहून मान मोठा तो बैलाचा. कंबरलेज नावाचा वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील इंग्रज अधिकारी होता. त्याने या समाजाची माहिती जमवून लिहून ठेवली. ती १८६९ च्या सुमारास प्रथम लिहिली आणि १८८२ साली पुन्हा छापली गेली, असे मानतात. म्हणजे ती माहिती आपल्याच मुलखातल्या तांड्यांची. त्यात एका पवित्र बैलाचे वर्णन आहे. त्याला हटाडिया म्हणत. त्याच्या पाठीवर ओझे कधी घालायचे नाही. लाल रेशमी झूल, गळ्यात घंटा आणि पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा. तो पुढे चालायचा, मागून सारा तांडा. संध्याकाळी तो जेथे बसेल तेथे मुक्काम. कोणी आजारी पडले, संकट आले, तर त्याच्या पायाशी नवस. आपण पोळ्याला एक दिवस बैलाच्या पाया पडतो. त्यांचा पोळा बारमाही होता म्हणावयाचा.

मुलीच्या लग्नातही बैल आहे. सासरी निघालेली नवरी माय-बापाच्या, भावांच्या गळ्यात पडून ढावलो गाते. ढावलो म्हणजे रडगाणेच, पण सुरात बांधलेले. आणि मग तिला बैलाच्या पाठीवर उभी करतात, तेथून दोन्ही हात उंचावून ती माहेराचा निरोप घेते, तिच्या पाठीमागे राहिलेल्या तांड्याचे कल्याण मागते. ज्यांचे घर म्हणजे चालता तांडा, त्यांच्या लेकीने बैलावरून माहेर सोडावे यात नवल ते काय?

फौजांचा विषय निघाला आहे तर तोही थोडक्यात सांगतो. दिल्लीच्या सुलतानांपासून मोगलांपर्यंत सर्वांच्या फौजांना धान्य पुरवले ते या लोकांनी. शहाजहानच्या काळात भंगी आणि जंगी नावाच्या दोन नायकांना फौजेच्या वजिराने ताम्रपट दिला, कोणाच्याही रांजणातले पाणी आणि छपराचे गवत त्यांच्या बैलांना मोकळे केले, अशी आख्यायिका या समाजात आहे. टिपू सुलतानावर चालून गेलेल्या इंग्रजांना धान्य यांनीच पुरवले. १८०३ साली वेलस्लीची फौज आपल्या वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडच्या लढायांसाठी आली, तिच्याही मागे लमाणांचे बैल होते. लढणाऱ्या दोन्ही बाजू त्यांना सहसा लुटत नसत, कारण आज याला तर उद्या त्याला त्यांची गरज लागणारच होती. इतिहासाच्या पुस्तकात तोफा असतात, घोडे असतात. घोड्याच्या तोबऱ्यात दाणा कोणी आणला ते नसते.

आता या कहाणीतील आपल्या अगदी जवळचा भाग. येथून कारंजा दूर नाही. कारंजाच्या जुन्या तटाला दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस अशा वेशी आहेत. वेशीला गावाचे नाव पडते ते त्या गावची वाट तिच्यातून जाते म्हणून. वऱ्हाडचा कापूस आगगाडी येण्यापूर्वी बैलांवर लादून एकीकडे मुंबईला आणि दुसरीकडे थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. महिनोन्‌महिने वाट. पाऊस गाठला की कापूस भिजायचा, चिखल-धूळ बसायची आणि विलायतेतील गिरणीवाले हिंदुस्थानी कापूस घाण म्हणून नावे ठेवायचे. त्यांना स्वच्छ आणि लवकर कापूस हवा होता. म्हणून आगगाडी आली. १८५३ साली मुंबई-ठाणे सुरू झाली, आणि १८६७ साली ती भुसावळ, अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत आपली लहान गाडी, शकुंतला, धावू लागली. तीही आता काही वर्षांपासून बंद पडून आहे, ही गोष्ट वेगळी.

आगगाडीने कापूस नेला तसेच मीठ आणले. अकोल्याच्या स्टेशनावर वाघिणीतून मीठ उतरू लागले, तेथून बैलगाड्यांनी गावोगाव. पक्के रस्ते झाल्यावर गाडीचे दोन बैल जितके ओढतात तितके वाहायला पाठीवरचे अनेक बैल लागत. हिशेब सरळ होता आणि तो लमाणांच्या विरुद्ध होता. त्यात सरकारने मिठावर जबर कर बसवला. उत्तरेकडे बिनकराचे मीठ जाऊ नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत नाक्यांची साखळी उभी केली. काही मुलखात तर बोरी-बाभळीचे मैलोगणती कुंपण वाढवले होते. ही साखळी बुऱ्हाणपुरावरून जात असे, आणि १८७९ साली ती मोडेपर्यंत मिठाच्या बैलांना तेथे अडवीत. माळराने शेताखाली गेली, जंगले राखीव झाली, १८७८ च्या वन कायद्यानंतर देशभर चराईवर बंधने आली. फुकटचा चारा संपला आणि त्याबरोबर लदेणीचे गणितच संपले.

हिमालयातील भोटियांचा धंदा एका युद्धाने बुडाला. आमच्या लमाणांचा धंदा रूळ, रस्ता, कर आणि कुंपण या चौघांनी मिळून पंचवीस-तीस वर्षांत बुडवला. परंतु पुढे दोघांची वाट फार वेगळी झाली. भोटियांना १९६७ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यांच्यातून सरकारी नोकऱ्यांत, फौजेत बरीच माणसे गेली. लमाणांच्या वाट्याला आला चोराचा शिक्का.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादा माणूस गुन्हा करतो म्हणून गुन्हेगार, हे आपण समजू शकतो. या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवले. प्रथम उत्तरेत लागू झालेला हा कायदा पुढे इतर प्रांतांत पसरला, आणि वेगवेगळ्या प्रांत-संस्थानांत ज्यांची नावे त्यात घातली गेली त्यांत लमाणांचेही काही गट होते. यादीतल्या माणसाने पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे. फिरणे हाच ज्यांचा धंदा, त्यांचे फिरणे हाच गुन्हा झाला! धंदा बुडालेल्या हजारो माणसांपैकी काहींनी चोऱ्या केल्या नसतील असे मी म्हणत नाही. उपाशी माणूस काय करतो हे वऱ्हाडच्या दुष्काळांनी सर्वच जातींना दाखवले आहे. परंतु ज्यांच्या शब्दावर बादशहाची फौज जेवत होती, त्यांना पिढीजात चोर म्हणून वहीत लिहून ठेवणे हा अन्यायच होय.

हा कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस हे समाज विमुक्त दिन म्हणून पाळतात. विमुक्त, म्हणजे सोडलेले. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. तोच समाज तेलंगणात आणि आंध्रात अनुसूचित जमातीत आहे आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. पैनगंगा ओलांडून सोयरीक केली की एकाच घरातील मामा आणि भाचा यांचे दाखले वेगळे. अनुसूचित जमातीत घ्यावे अशी मागणी येथे फार जुनी आहे; २०२५ सालीही तिच्यासाठी मोठे मोर्चे निघाले आणि आदिवासी संघटनांनी आपल्या वाट्याला धक्का लागेल म्हणून त्याला विरोध केला. दोघांचीही बाजू पोटाची आहे. घाईने कोणाला बरे-वाईट म्हणावे असा तो विषय नव्हे.

लदेणी बुडाल्यावर तांडे थांबले. कोठे थांबले, हे आपल्या शिवारात फिरून पाहा. काळी, पाण्याजवळची जमीन गावांनी केव्हाच धरली होती. तांड्यांना मिळाला बरड, मुरमाड, डोंगरकडेचा भाग. बैलांच्या व्यापाऱ्यांनी काही काळ बैलांचाच व्यापार केला, कपाशीवाल्या वऱ्हाडाला जनावरे पुरवली. मग हळूहळू नांगर धरला. बैल तोच, पण पाठीवरची गोणी जाऊन मानेवर जू आले. चार-पाच पिढ्यांत या लोकांनी दगडी जमिनीत ज्वारी, तूर, कापूस उभा केला. असे शेतकरी होणे आपल्यासारख्या बापजाद्यांची शेती असणाऱ्याला वाटते तितके सोपे नाही.

पुसद तालुक्यातील गहुली हा असाच एक स्थिरावलेला तांडा. तेथे १ जुलै १९१३ रोजी फुलसिंग नाईकांच्या घरी एक मुलगा जन्मला. घराणे मूळचे राठोड. तांड्याची नाईकी घरात म्हणून नाईक हे आडनाव पडले. तो मुलगा म्हणजे वसंतराव नाईक. ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी, विहिरी, बंधारे यांचा त्यांनी ध्यास घेतला, १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देण्याची व्यवस्था त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. एके काळी साऱ्या देशाला धान्य वाहून नेणाऱ्यांच्या वंशजाने राज्य धान्यात स्वावलंबी करण्याचा हट्ट धरावा, हा योगायोग मला तरी फार गोड वाटतो.

परंतु एक नाईक मुख्यमंत्री झाले म्हणून सारे तांडे सुधारले असे नाही. तांडा सुधारासाठी त्यांच्याच नावाची योजना आहे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९८४ साली निघालेले महामंडळही त्यांच्याच नावाचे आहे, आश्रमशाळा आहेत. तरीही मराठवाड्यातील आणि आपल्या भागातील अनेक तांडे दिवाळी झाली की रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने उसाच्या फडात, नाही तर वीटभट्टीवर, नाही तर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. तांड्यात राहतात म्हातारी माणसे आणि कुलपे. बैल बरोबर घेऊन बायकामुलांसह चालणे त्यांच्या पूर्वजांनाही चुकले नव्हते. पण पूर्वज आपल्या मालाचे मालक होते, आणि हे उचल फेडायला जातात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे. ज्या लेकरांना आजीजवळ ठेवता येत नाही ती फडावर जातात, आणि शाळेचा निम्मा वर्ग उन्हाळ्यातच परत दिसतो.

शाळेत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तांड्यावरचे लेकरू घरी आईला याडी म्हणते, भाकरीला बाटी म्हणते. सहाव्या वर्षी ते पहिलीत बसते आणि गुरुजी ज्या भाषेत बोलतात ती त्याने घरात ऐकलेलीच नसते. ते गप्प बसते. गप्प बसलेल्या पोराला आपण ढ म्हणतो. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. पहिल्या वर्षी गुरुजींनी तिच्यातील पाच-पन्नास शब्द शिकून घेतले तरी वर्गात केवढा फरक पडेल! तांड्याला लागून असलेल्या शाळांतील आमच्या शिक्षक वाचकांनी हे करून पाहावे आणि अनुभव कळवावा.

आता पोहरादेवी. आमच्याच तालुक्यातील हे ठिकाण म्हणजे साऱ्या बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर तेथे आहे. परंपरेप्रमाणे महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा, मूळ मुलूख आंध्र-कर्नाटकाकडचा. ते स्वतः लदेणी करणारे, हजारो जनावरे राखणारे. लग्न केले नाही. दारू पिऊ नका, चोरी करू नका, खोटे बोलू नका, गाईगुरांना आणि पाण्याला जपा, असे त्यांचे सांगणे. रामनवमीला यात्रा भरते तेव्हा आंध्र, तेलंगण, कर्नाटक, मध्य प्रदेश, कोठकोठून पांढरी निशाणे घेऊन माणसे येतात. आमच्या भागातील दुकानदाराला त्या दिवसांत अनेक भाषा ऐकू येतात, पण यात्रेकरू आपसांत एकच बोली बोलतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. यात्रेला गेलात तर दर्शनाबरोबर तेथेही लेकराबाळांना घेऊन जा.

सणवारांबद्दल लिहायचे तर एक लेख पुरणार नाही. श्रावणात तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस रोज मिरवत जाऊन पाणी घालतात, गाणी म्हणतात, आणि हाताएवढे झालेले पिवळे-हिरवे रोप शेवटी पाण्यात सोडतात. दिवाळीच्या अमावास्येला याच मुली हातात दिवे घेऊन तांड्यातल्या घराघरांत जातात आणि मोठ्यांना ओवाळतात. त्याला मेरा म्हणतात. होळीला लेंगीची गाणी आणि डफ यांनी तांडा रात्र रात्र जागतो. आपल्या गावात होळी एका रात्रीत आटोपते, त्यांची महिनाभर आधी सुरू होते. ऊसतोडीला गेलेली माणसेही होळीसाठी जमेल तसा तांडा गाठतात.

तांड्यातील बाया घरी जो फेटिया आणि कांचळी शिवतात त्यातील टाका पाहण्यासारखा असतो. काच, कवडी, रंगीत दोरा आणि चिंधी, यांपलीकडे सामान नाही. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले असून तेथील बायांच्या हातचे काम परदेशी जाते. आपल्याकडे मात्र लहान मुली साडी-सलवार नेसू लागल्या, ते साहजिकच आहे. वजनदार फेटिया नेसून फडात ऊस तोडता येत नाही. पण म्हातारीच्या हातातला टाका तिच्याबरोबर जाऊ द्यावा का? बचत गटांनी येथे लक्ष घालावे. पिशव्या, उशांचे अभ्रे, तोरणे यांना शहरात गिऱ्हाईक आहे.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी, माळ्यावर, कणगीमागे लदेणीच्या काळातील गोणी, बैलाची घंटा, कवड्यांची माळ, झूल असे काही पडले असेल, त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नये. तांड्यातील एखादी आजी लदेणीची गाणी, मुक्कामांची नावे, वाटांची नावे सांगत असेल तर घरातल्या शिकलेल्या पोरापोरींनी तिच्याजवळ बसून ती वहीत उतरून घ्यावी. गाणे सांगणारीचे नाव, तांड्याचे नाव आणि तारीख वर लिहावी. फोनमध्ये आवाज भरून ठेवता आला तर फारच चांगले. कोकणातून वऱ्हाडात मिठाचे बैल नेमके कोणत्या कोणत्या गावांवरून येत, कोणत्या विहिरीवर पाणी पीत, हे अशा वह्यांतूनच गावोगावच्या लोकांना कळणार आहे.